मॉर्कन मावश्यांकडची मेजवानी

नाताळ येईपर्यंत दिवाळी अंकांचा गठ्ठा बहुतेक घरांत वाचून झालेला असतो, किंवा न वाचताच कपाटात गेलेला असतो. मुलांना सुट्टी लागते, नोकरदार उरलेली रजा संपवण्याच्या मागे लागतात, आणि ‘आता काय वाचू, काय बघू’ अशी विचारणा सुरू होते. माझं उत्तर ठरलेलं आहे. जेम्स जॉइसची ‘द डेड’ ही कथा वाचा आणि मग जॉन ह्यूस्टननं तिच्यावर केलेला त्याच नावाचा सिनेमा बघा. नाव ऐकून समोरचा जरा बिचकतो. ऐन सणात मेलेल्यांची गोष्ट कशाला? पण गोष्ट सणाचीच आहे. तिचा बराच मोठा भाग नाच, गाणं, जेवणाच्या पंगती, पाहुण्यांची ये-जा आणि एका दारू प्यायलेल्या पाहुण्याला सांभाळण्याची धांदल यांतच जातो. ‘युलिसीस’च्या धास्तीनं जॉइसपासून दूर राहिलेल्यांनी तर इथूनच सुरुवात करावी. हे इंग्रजी सरळ आहे, कथा एका दुपारी वाचून होते.

डब्लिनमध्ये लिफी नदीच्या काठावर अशर्स आयलंड नावाच्या धक्क्यावर एक जुनं घर आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर केट आणि ज्युलिया मॉर्कन या दोन म्हाताऱ्या अविवाहित बहिणी आणि त्यांची भाची मेरी जेन राहतात. तिघींचाही जीव संगीतात आणि पोटही संगीतावर. दरवर्षी नाताळच्या दिवसांत त्यांच्याकडे नाचगाण्याची मेजवानी असते आणि ती कधी चुकलेली नाही. कथेत तारीख दिलेली नाही, पण ती काढता येते. त्या दारू प्यायलेल्या पाहुण्याला, फ्रेडी मॅलिन्सला, त्याच्या आईनं वर्षअखेरच्या रात्री दारू सोडण्याची शपथ घालून झाली आहे आणि ती मोडूनही झाली आहे, म्हणजे नवं वर्ष लागलेलं आहे. म्हणून वाचक बहुधा 6 जानेवारी धरतात, नाताळच्या सणाचा शेवटचा दिवस. गोव्यात त्याच दिवशी रेइश मागुशला तीन राजांचं फेस्त असतं. आयर्लंडमध्ये या दिवसाला बायकांचा नाताळ म्हणतात. त्या दिवशी बायकांनी चुलीपासून सुट्टी घ्यायची असा रिवाज. मॉर्कन बहिणींच्या वाट्याला मात्र ती सुट्टी आलेली दिसत नाही. वर्षही सापडतं. पोप दहावे पायस यांनी नोव्हेंबर 1903मध्ये चर्चच्या गायकवृंदातून बायकांना वगळणारा आदेश काढला. आयुष्यभर तिथे गायलेल्या ज्युलियाला त्यामुळे बाहेर पडावं लागलं, आणि केट भर मेजवानीत पोपवर संतापते. संताप ताजा आहे. तेव्हा हे 1904चं असणार, आणि सिनेमानंही तेच साल धरलं आहे.

यजमानीणबाईंच्या बहिणीचा मुलगा म्हणजे कथेचा नायक, गॅब्रिएल कॉनरॉय. मराठी वाचकाला इथे एक सोय आहे. इंग्रजीतल्या आंटी आपल्याकडे येताच मावश्या होतात आणि त्यांचा या भाच्यावरचा जीव न सांगता कळतो. तो येईपर्यंत त्या अस्वस्थ असतात. फ्रेडी पिऊन आला तर त्याला आवरायला गॅब्रिएलच हवा, पक्षी कापून वाढायला तोच, भाषणालाही तोच. शिकलेला, मास्तरकी करणारा, वर्तमानपत्रात पुस्तकपरीक्षणं लिहिणारा, युरोपात सायकलवर फिरून येणारा. असा एक कर्ता भाचा आपल्याही प्रत्येक मोठ्या कुटुंबात असतो.

तो आत येतो तो बुटांवर चढवलेल्या रबरी गलोशांवरचा बर्फ झटकत. हे गलोश नीट बघून ठेवावेत. गॅब्रिएल हा ओलं होण्यापासून जपणारा माणूस आहे, स्वतःला आणि इतरांनाही. मुलाच्या डोळ्यांवर रात्री हिरवी झडप, व्यायामाला डंबेल्स, मुलीला नको असताना लापशी, बायकोला गलोश. ग्रेटा, म्हणजे त्याची बायको, या सगळ्याची मावश्यांसमोर थट्टा करते. मागच्या वर्षी मेजवानीनंतर घोडागाडीतून लांब घरी जाताना वारा झोंबत होता, खिडक्या खडखडत होत्या आणि ग्रेटाला सर्दी झाली, म्हणून या वर्षी त्यानं गावातच हॉटेलची खोली घेतली आहे. तिला सोडलं तर ती बर्फातूनही चालत घरी जाईल, असं तो हसत सांगतो. पहिल्या वाचनात ही नवरा-बायकोची गंमत वाटते. दुसऱ्या वाचनात अंगावर येते. ज्या बाईला तो थंडीपासून जपतो आहे, तिच्यासाठी एक मुलगा फार पूर्वी पावसात भिजत उभा राहिला होता, हे त्याला ठाऊक नाही आणि अजून आपल्यालाही नाही.

त्या एका रात्रीत गॅब्रिएलला तीन बायका तीन ठिकाणी अडवतात. पहिली लिली, राखणदाराची मुलगी, घरात कामाला असलेली. तो मोठेपणानं तिच्या लग्नाचा विषय काढतो आणि ती कडवटपणे सुनावते की आजकालच्या पुरुषांकडे नुसत्या गोड बाता असतात, बाकी फक्त लुबाडणं. तो लाल होतो, तिच्या हातात नाणं कोंबतो, नाताळचं म्हणून. जॉइस इथे एक बारीक गोष्ट करतो. कोठीतल्या गॅसच्या दिव्यात लिलीचा चेहरा आणखी फिकट दिसतो असं तो सांगतो आणि पुढे जातो. गॅसचा संबंध पुन्हा येणार आहे, तो कुठे ते पुढे.

दुसरी मिस आयव्हर्स, त्याच्याच पेशातली, आयरिश भाषेची आणि राष्ट्राची कैवारी. ब्रिटिशांकडे झुकलेल्या पत्रात लिहितो म्हणून ती त्याला नाचता नाचता टोचते. उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या आरान बेटांवर चला म्हणते. तो म्हणतो, फ्रान्स-बेल्जियमला जाणार आहे. स्वतःची भाषा आणि देश सोडून? त्यावर त्याचा तोल जातो आणि देशाचा वीट आला आहे असं तो बोलून जातो. याच संभाषणात ती विचारते की ग्रेटा पश्चिमेकडची, कॉनॉटची ना? गॅब्रिएल तुटकपणे सांगतो की तिच्या माहेरची माणसं तिकडची. एवढ्याशा उत्तरात त्याचं सगळं लग्न आहे. त्याच्या आईला ही खेड्यातली सून पसंत नव्हती, आणि याच सुनेनं आईच्या शेवटच्या आजारपणात तिची सेवा केली. आता नवराही तिचं माहेर तिच्यापासून अंतरावर ठेवतो. पुढे ग्रेटाला हे आमंत्रण कळतं तेव्हा ती हरखते. गॉलवे पुन्हा बघायला आवडेल म्हणते. तो थंडपणे सांगतो, तुला हवं तर तू जा. कथा इथेच उलगडायला लागलेली असते, फक्त आवाज होत नाही.

तिसरी बाई अर्थातच ग्रेटा. तिच्याकडे यायला जॉइस फार वेळ घेतो, आणि तो वेळ वाया जात नाही. मधल्या पानांत तो जे करतो तेच मला या कथेत सर्वांत आवडतं. ही कथा ज्या संग्रहात आहे त्या ‘डब्लिनर्स’मधल्या आधीच्या कथांत त्यानं आपल्या गावाला फार कठोरपणे वागवलं होतं. 1906मध्ये रोममध्ये बँकेत कारकुनी करत असताना त्यानं भावाला लिहिलं की गावाचं आदरातिथ्य आपण दाखवलंच नाही, हे बरोबर झालं नाही. 1907मध्ये ट्रिएस्टला त्यानं ‘द डेड’ पूर्ण केली, तेव्हा तो पंचविशीत होता. पुस्तक निघायला मात्र 1914 उजाडावं लागलं, कारण प्रकाशक घाबरत राहिले. समीक्षक या मेजवानीला कुजलेल्या, गोठलेल्या समाजाचं चित्र म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. जेवणाचं टेबल ज्या मायेनं लिहिलं आहे ते बघा. एका टोकाला भाजलेला गूज पक्षी, दुसऱ्या टोकाला पावाचा चुरा भुरभुरवलेलं डुकराचं मांस, मध्ये जेली, अंजीर, बदाम-बेदाणे, जायफळ किसून घातलेलं कस्टर्ड. बाटल्या रंगवार लावलेल्या, जणू गणवेशातल्या शिपायांच्या पलटणी. इंग्रजी फौजेच्या छावण्या असलेल्या शहरात हे फौजी वर्णन निव्वळ गंमत म्हणून येत नाही, पण त्यात विखारही नाही. ज्याला भूक लागलेली आहे आणि घर आठवतं आहे अशा माणसाचं हे लिहिणं आहे.

आणि ज्युलियामावशीचं गाणं. लग्नासाठी सजलेल्या नवरीचं गीत एक म्हातारी कुमारिका गाते. जॉइस सांगतो की आवाज अजून भक्कम, स्वच्छ होता, ताना ती सफाईनं घेत होती. गाणारीचा चेहरा न बघता ऐकलं तर उडत असल्याचा आनंद मिळत होता. चेहरा न बघता, ही अट वाचताना डोळ्यांखालून निसटते. शेवटी हॉटेलच्या अंधारात गॅब्रिएलला ज्युलियाचा गातानाचा उतरलेला चेहरा आठवतो आणि लक्षात येतं की ही आता फार दिवस नाही. म्हणजे त्यानं पाहिलेलं होतं. आपण अटीप्रमाणे फक्त ऐकलं. सिनेमात ह्यूस्टननं हे उलटं केलं. तिथे ज्युलियाचा आवाजच थरथरतो, फाटतो, आणि कॅमेरा तिला सोडून घरातल्या वस्तूंवरून फिरतो: भरतकाम, जुने फोटो, जपमाळ. दृश्य विलक्षण आहे. ते बघून अनेकांचे डोळे भरतात, माझेही भरले. तरी माझं मत जॉइसच्या बाजूनं. आवाज चांगला असणं आणि चेहऱ्यावर मरण असणं, यातली फट सिनेमानं बुजवून टाकली. म्हातारीचं म्हातारपण त्यानं आपल्याला लगेच ऐकवलं. जॉइस ते आपल्याकडून पुढे वसूल करतो.

त्या गाण्यानंतर सगळ्यांत मनापासून दाद देतो तो फ्रेडी मॅलिन्स, झिंगलेला. शिष्टाचाराच्या पलीकडे जाऊन तो ज्युलियाचा हात धरतो आणि थांबतच नाही. पुढे गायकांचा विषय निघतो तेव्हा त्या सभ्य टेबलावर एका काळ्या गायकाची बाजू घेणाराही हाच. सणाच्या दिवशी आपण ज्याला कोपऱ्यात बसवून ठेवतो, त्याच्याच तोंडून खरं बोलणं येतं. ह्यूस्टननं फ्रेडी डोनल डॉनेलीला दिला आणि त्याची आई मारी कीनला. ही मायलेकाची जोडी बघायला मी सिनेमा पुन्हा लावतो. आईचं मुलाकडे न बघता बघणं हा अभिनय कुठे शिकवत असतील असं वाटत नाही.

गॅब्रिएलचं भाषण चांगलं होतं, म्हणजे त्याला हवं तसं. जुन्या पिढीचं आदरातिथ्य, गेलेल्यांची आठवण, पण सणात उदास व्हायचं नाही, वगैरे. मेलेल्यांना तो दोन वाक्यांत उरकतो. टाळ्या पडतात.

पाहुणे निघतात. खाली दाराजवळच्या अंधारात उभा असलेला गॅब्रिएल वर बघतो. जिन्याच्या वळणावर एक बाई कठड्याला टेकून काहीतरी ऐकते आहे. चेहरा सावलीत. स्कर्टचे विटकरी आणि गुलाबी पट्टे अंधारात काळे-पांढरे दिसतात. क्षणभरानं त्याला कळतं की ही आपलीच बायको. तिच्याकडे बघून तो काय करतो? चित्र काढायला लागतो. आपण चित्रकार असतो तर हिला असं रंगवलं असतं आणि असं नाव दिलं असतं, असं योजतो. ती नेमकं काय ऐकते आहे हे त्याला विचारावंसं वाटत नाही. वरच्या खोलीत घसा बसलेला पाहुणा गायक बार्टेल डार्सी ‘द लास ऑफ ऑक्रिम’ हे जुनं लोकगीत अर्धवट गुणगुणतो आहे. त्या गीतातली मुलगी पावसात, तान्ह्या बाळासह, एका बंद दारापाशी उभी आहे.

सिनेमात हा जिना ग्रेटा झालेल्या अँजेलिका ह्यूस्टनचा, दिग्दर्शकाच्या मुलीचा, आहे, आणि तिनं फारसं काही न करता तो व्यापला आहे. गाणं खऱ्या गायकाच्या, फ्रँक पॅटरसनच्या आवाजात आहे. कथेत डार्सीचं गाणं तुटक येतं, इथे ते सलग ऐकू येतं आणि जिन्यावरची बाई त्यात हरवते. ह्यूस्टनचं गॉलवेशी नातं होतं. काउंटी गॉलवेत सेंट क्लेरन्स नावाच्या घरात तो अनेक वर्षं राहिला, 1964मध्ये आयर्लंडचा नागरिक झाला, अँजेलिकाचं लहानपण तिथेच गेलं. तेव्हा ग्रेटाचं माहेर तिला पुस्तकातून शोधावं लागलं नसणार. पटकथा मुलगा टोनीनं लिहिली. चित्रीकरणाच्या वेळी ऐंशी वर्षांचा दिग्दर्शक चाकांच्या खुर्चीत, नाकाला प्राणवायूची नळी लावून बसलेला असे. तब्येतीमुळे डब्लिनचं घर कॅलिफोर्नियात उभारलं गेलं. 1987च्या ऑगस्टमध्ये तो गेला आणि सिनेमा त्याच डिसेंबरात अमेरिकेत लागला. हे सगळं माहीत नसलं तरी सिनेमा तेवढाच चांगला आहे, हे मुद्दाम सांगतो. मरणाऱ्या दिग्दर्शकाचा सिनेमा म्हणून त्याला सवलत द्यायची गरज नाही.

पटकथेत एक पाहुणा नवा घातला आहे, मिस्टर ग्रेस. तो लेडी ग्रेगरीनं आयरिशमधून इंग्रजीत आणलेली फसवल्या गेलेल्या मुलीची कविता म्हणून दाखवतो आणि कॅमेरा ग्रेटाच्या चेहऱ्यावर जातो. शुद्धतावादी वाचक कपाळाला हात लावतील. मला ही भर पटते. ज्या भाषेशी आपलं काही देणंघेणं नाही असं गॅब्रिएल सांगत फिरतो, तीच भाषा त्याच्या मावश्यांच्या दिवाणखान्यात शिरून त्याच्या बायकोपर्यंत पोचते आणि तो शेजारी उभा राहून टाळ्या वाजवतो.

आता हॉटेल. गाडीतून उतरताना गॅब्रिएल प्रेमानं, इच्छेनं भरून आला आहे. जुने प्रसंग, दोघांचेच, आठवत आहेत. खोलीत विजेचा दिवा लागत नाही. नोकर मेणबत्ती देऊ करतो, ती तो परत पाठवतो, रस्त्यावरचा उजेड पुरे म्हणतो. आणि मग शब्द फुटेना म्हणून काय बोलतो? फ्रेडीनं उसने घेतलेले पैसे परत केले, नाताळच्या शुभेच्छापत्रांचं दुकान काढायला दिलेले. केवढी करुण आणि केवढी खरी जागा आहे ही! त्यावर ग्रेटा त्याला उदार म्हणून त्याचं चुंबन घेते आणि त्याला वाटतं की जमलं. पण ती त्या गाण्याबद्दल बोलायला लागते आणि रडते.

गॉलवेतला मायकेल फ्युरी, सतरा वर्षांचा, नाजूक प्रकृतीचा. हेच गाणं तो म्हणायचा. गॅब्रिएल उपरोधानं विचारतो की म्हणून त्या आयव्हर्सबरोबर गॉलवेला जायचं होतं का. ती सांगते, तो मेला. काय करायचा? गॅसच्या कारखान्यात होता. उपरोध जागच्या जागी विझतो. हाच तो गॅस. ग्रेटा डब्लिनच्या मठातल्या शाळेत निघण्याच्या आदल्या रात्री त्यानं तिच्या खिडकीवर खडे मारले. ती खाली धावली, तर तो बागेच्या टोकाला झाडाखाली भिजत, कुडकुडत उभा. घरी जा म्हणाली, तर त्याला जगायचं नव्हतं. आठवडाभरात तो गेला. आपल्यासाठी मेला असं तिला वाटतं. गॅब्रिएल आणि मायकेल, दोघांची नावं देवदूतांची आहेत. पण गलोश एकाच्याच पायात होते.

यानंतरची दोन पानं इंग्रजी गद्यात फार गाजलेली आहेत आणि त्यांचं कौतुक करताना लोक एकदम शेवटच्या बर्फावर उडी मारतात. मी आधी खिडकी बघायला सांगेन. मेजवानीत, भाषणाच्या धास्तीनं, गॅब्रिएल खिडकीशी उभा राहून गार काचेवर बोटांनी टकटक करतो आणि बाहेरच्या बर्फात चालायला किती बरं वाटेल असा विचार करतो. मग ग्रेटाच्या खिडकीवर मायकेलचे खडे येतात. शेवटी ग्रेटा झोपलेली, तो पडलेला, आणि काचेवर हलके टकटक होते, त्यामुळे तो वळून बघतो: पुन्हा बर्फ सुरू झालेला. तीन खिडक्या, तीनदा टकटक. पहिल्या वेळी आतून, पुढच्या दोन्ही वेळी बाहेरून. जॉइस कुठेही ‘तसाच आवाज’ म्हणत नाही.

आणि बर्फ सगळ्या आयर्लंडवर पडतो आहे ही जगप्रसिद्ध कल्पना मूळ मेरी जेनची आहे. निरोप घेताना, शाली-टोप्या घालताना, हवापाण्याच्या गप्पांत ती म्हणते की सकाळच्या पेपरात तसं आलं आहे. त्या क्षणी कुणी लक्ष देत नाही. तेच वाक्य शेवटी गॅब्रिएलच्या मनात परत येतं, पेपरचा हवाला घेऊनच, आणि पश्चिमेकडे निघतं: दलदलीवर, शॅनन नदीवर, मायकेलच्या कबरीवर. पेपरातल्या हवामानाच्या बातमीतून एवढी उंची गाठणारा दुसरा लेखक मला माहीत नाही.

इथेच सिनेमा मागे पडतो. त्याला दुसरा उपाय नव्हता. गॅब्रिएल झालेल्या डोनल मॅकॅनचा आवाज शेवटचा परिच्छेद म्हणतो, पडद्यावर आयर्लंडचा बर्फ दिसतो, पण मूळचं ‘तो’ इथे ‘मी’ होतं. कथेत गॅब्रिएल हळूहळू विरत जातो आणि वाक्यं त्याला मागे टाकून पुढे जातात, शेवटी ती कुणाची हेच सांगता येत नाही. ‘मी’ म्हटल्यावर माणूस तिथे उभा राहतोच. मॅकॅन अप्रतिम नट होता. त्याचा आवाज आपल्याला धरून ठेवतो, आणि गॅब्रिएललाही.

म्हणून क्रम सांगताना मी हट्ट धरतो: आधी कथा, निदान दोन दिवस जाऊ द्यायचे, मग सिनेमा. दीड तासाच्या आतला आहे, घरातल्या सगळ्यांबरोबर बघता येतो. पहिला तासभर काही घडत नाही अशी तक्रार कुणीतरी करेलच. त्याला फ्रेडी आणि त्याच्या आईकडे लक्ष ठेवायला सांगावं.